मेमपूल सलग असूनही झिरो-कॉपीत ४६ बफर कायमचे गहाळ का होतात?

प्रश्न

नमस्कार. डीपीडीके या वेगवान पॅकेट-प्रक्रियेच्या लायब्ररीच्या मेमपूलमधील (एकाच आकाराच्या बफरांच्या साठ्यातील) बफर लिनक्सच्या एएफ-एक्सडीपी सॉकेटला (पॅकेट थेट प्रोग्रामकडे पोहोचवणाऱ्या सॉकेटला) थेट देणारा एक लहान ड्रायव्हर मी लिहिला आहे. पॅकेटची कुठेही नक्कल होऊ नये (झिरो-कॉपी), म्हणून पूलची संपूर्ण मेमरीच यूमेम (कर्नल आणि प्रोग्राम यांची सामायिक बफर-मेमरी) म्हणून कर्नलकडे नोंदवतो. एमबफचा (एका पॅकेटच्या बफरचा) आकार दोनाच्या घातात बसत नसल्यामुळे, लिनक्स ५.४ पासून उपलब्ध असलेली अनअलाइन्ड चंक पद्धत वापरतो (चंक म्हणजे यूमेममधला एका बफरचा भाग; या पद्धतीत तो ठरावीक सीमेवरच सुरू व्हावा असे बंधन नसते).

पूलमध्ये ६५,५३५ एमबफ आहेत. डेटा रूम २१७६ बाइट, एमबफची रचना १२८ बाइट आणि मेमपूलचे शीर्ष ६४ बाइट, असा एका ऑब्जेक्टचा एकूण आकार २३६८ बाइट होतो. यूमेमची लांबी मी ६५,५३५ गुणिले २३६८, म्हणजे १५,५१,८६,८८० बाइट अशी देतो. पूलमध्ये मेमरीचा तुकडा एकच आहे, हे मी तपासले आहे. नोंदणी विनातक्रार होते आणि पॅकेट व्यवस्थित येतात-जातात.

अडचण पुढे येते. काही तास रहदारी चालू राहिल्यावर ती थांबवून मी पूलचा हिशोब करतो: पूलमध्ये शिल्लक असलेले, कोरच्या कॅशमधले आणि फिल रिंगमध्ये (कर्नलला रिकामे बफर देण्याच्या रांगेत) दिलेले अशी बेरीज केली की ४६ एमबफ कमी भरतात. आणखी कितीही तास चालवले तरी हा आकडा ४६ च्या पुढे जात नाही. माझ्या कोडमध्ये एमबफ सोडायचा राहून जात असता, तर गळती वाढत गेली असती. नेटवर्क कार्डाच्या काउंटरमध्ये एकही चूक नोंदलेली नाही. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर याच बायनरीचा हिशोब शेवटच्या एमबफपर्यंत जुळतो. दोन्ही यंत्रांवर कर्नल एकच आहे; फरक इतकाच की प्रयोगशाळेत १ जीबीची ह्यूज पेज (मेमरीची नेहमीपेक्षा मोठी पाने) आहेत आणि प्रत्यक्ष वापराच्या यंत्रावर २ एमबीची.

पूल सलग असताना पेजच्या आकाराने असा फरक का पडावा?

उत्तर १

पेज बदलताच चित्र बदलते, त्या अर्थी कारण पेजच्या सीमेवरच असणार. मेमपूल तयार करताना आयओव्हीए (कार्ड मेमरीसाठी वापरते तो पत्ता) सलग असण्याची गरज नाही असे सांगणारा एक फ्लॅग देता येतो. तो दिल्यास मेमपूल पेजच्या सीमांचा विचारच करत नाही आणि ऑब्जेक्ट एकापाठोपाठ एक बसवतो. एवढा एक बदल करून पाहावा. ४६ चा फरक नाहीसा होईल असे वाटते.

उत्तर २

पहिल्या उत्तरात रोग बरोबर ओळखला आहे, पण सुचवलेला उपाय करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे कारण शेवटी देतो. आधी ४६ हा आकडा कुठून आला ते पाहू, कारण तो अगदी नेमका निघतो.

मेमपूलची मेमरी सलग असणे आणि तिच्यातील ऑब्जेक्ट एकमेकांना खेटून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणताही ऑब्जेक्ट दोन ह्यूज पेजवर पसरू नये, याची मेमपूल काळजी घेतो, कारण शेजारच्या दोन पेजचे प्रत्यक्ष पत्ते शेजारी असतीलच असे नाही. म्हणून पेजच्या शेवटी पूर्ण ऑब्जेक्ट मावत नसेल, तर उरलेली जागा तो मोकळी सोडतो आणि पुढचा ऑब्जेक्ट नव्या पेजच्या आरंभापासून ठेवतो. २ एमबीच्या पेजमध्ये २०,९७,१५२ बाइट असतात. त्यात २३६८ बाइटचे ८८५ ऑब्जेक्ट बसतात आणि १४७२ बाइट उरतात. तुमचे ६५,५३५ ऑब्जेक्ट ७४ पूर्ण पेज व्यापून पंचाहत्तराव्यात शिरतात, म्हणजे वाटेत अशा ७४ फटी पडतात. त्यांची बेरीज १,०८,९२८ बाइट होते, आणि ती बरोबर ४६ ऑब्जेक्टइतकी आहे.

तुम्ही दिलेली लांबी या फटी जमेस धरत नाही, त्यामुळे पूलची शेपटी यूमेमच्या बाहेर राहते. पंचाहत्तरावे पेज १५,५१,८९,२४८ या अंतरावर सुरू होते, म्हणजे तुमची लांबी त्याआधीच संपलेली असते आणि त्या पेजमधले सर्व ४५ ऑब्जेक्ट हद्दीबाहेर पडतात. चौऱ्याहत्तराव्या पेजमधला शेवटचा ऑब्जेक्ट हद्दीत सुरू होतो खरा, पण त्याचे शेवटचे ८९६ बाइट हद्द ओलांडतात. हा झाला सेहेचाळिसावा.

ते परत का येत नाहीत, याचे उत्तर कर्नलच्या फिल रिंगमध्ये आहे. रिंगमधून पत्ता उचलताना पत्ता अधिक चंकचा आकार ही बेरीज यूमेमच्या लांबीपेक्षा जास्त भरली, तर कर्नल तो पत्ता अवैध ठरवतो, आतल्या एका मोजणीत एकाची भर घालतो आणि पुढच्या पत्त्याकडे वळतो. तुमच्या दृष्टीने तो एमबफ कर्नलकडे आहे. कर्नलच्या दृष्टीने तो कधी मिळालाच नाही. प्रत्येक बाहेरचा एमबफ असा एकदाच हरवू शकतो, म्हणून गळती ४६ वर थांबते. ती पूर्ण व्हायला तास का लागतात, हेही समजण्यासारखे आहे: पूल भरताना हे ऑब्जेक्ट शेवटी रांगेत लागलेले असतात, आणि पॅकेट घेणे व पाठवणे एकाच कोरवर होत असेल तर कॅशमधले तेच ते एमबफ फिरत राहून मागच्यांची पाळी फार उशिरा येते. दहा मिनिटांच्या चाचणीत हा दोष सापडत नाही तो यामुळेच.

१ जीबीच्या एका पेजमध्ये असे ४,५३,४३८ ऑब्जेक्ट मावतात. तुमचा सगळा पूल एका पेजमध्ये बसतो, फट पडतच नाही आणि गुणाकार योगायोगाने बरोबर येतो.

उपाय असा की लांबी गुणाकाराने काढू नये, ती पूललाच विचारावी. मेमपूलच्या प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि लांबी त्याच्या यादीत नोंदलेली असते. तुमच्या बाबतीत तुकडा एकच असल्याने त्याचीच लांबी यूमेमला द्यावी. ती १५,५२,९५,८०८ बाइटांपेक्षा कमी असणार नाही. डीपीडीकेच्या स्वतःच्या एएफ-एक्सडीपी ड्रायव्हरमध्येही एकेकाळी ऑब्जेक्टची संख्या गुणिले आकार असाच हिशोब होता. २०२४ मध्ये पूलची एकूण व्याप्ती आणि ती सलग आहे की नाही हे सांगणारे ‘आरटीई_मेमपूल_गेट_मेम_रेंज’ हे फंक्शन आले आणि तो ड्रायव्हर त्यावर आणला गेला. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल, तर तुकड्यांवरून फिरणारे जुने फंक्शन वापरून हीच माहिती काढता येते.

आता त्या फ्लॅगविषयी. तो दिल्यावर फटी जातील, गुणाकारही जुळेल. पण मग जवळजवळ प्रत्येक सीमेवरचा एक ऑब्जेक्ट दोन ह्यूज पेजवर पसरेल. झिरो-कॉपीमध्ये कर्नल अनअलाइन्ड चंकसाठी आणखी एक तपासणी करतो: चंक पेजची सीमा ओलांडत असेल आणि पुढच्या पेजचा डीएमए पत्ता (कार्ड मेमरी थेट वाचताना-लिहिताना वापरते तो) लागून नसेल, तर तोही पत्ता अवैध ठरतो. तेव्हा ४६ ऐवजी जास्तीत जास्त ७२ एमबफ गमावण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि तो आकडा दर वेळी पेज कशी मिळाली त्यावर ठरेल. आज निदान आकडा स्थिर आहे, म्हणून दोष हाती लागला.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार. लांबी तुकड्यावरून घेतली आणि रात्रभर रहदारी चालवली. सकाळी एकूण एक ६५,५३५ एमबफ हिशोबात होते. तुलनेसाठी जुना गुणाकार तसाच ठेवून सॉकेट सक्तीने कॉपी पद्धतीतही चालवून पाहिले, तेव्हाही ४६ च कमी भरले. म्हणजे डीएमएचा याच्याशी संबंध नव्हता, केवळ लांबीचा होता, असा निष्कर्ष मी काढला आहे.

एक शंका उरते. दुसऱ्या एका यंत्रावर आयओव्हीए प्रत्यक्ष पत्त्यांच्या पद्धतीत आहे आणि तिथे त्याच पूलचे अकरा तुकडे झालेले दिसतात. तिथे यूमेम नोंदवूच नये का?

उत्तर ३

निष्कर्ष बरोबर आहे. कॉपी पद्धतीत डीएमए पत्त्यांची तपासणी होत नाही, लांबीची होते. म्हणून दोन्ही दोष वेगळे करायला ही चाचणी उत्तम आहे.

अकरा तुकड्यांवरून लगेच काही ठरवू नये. प्रत्यक्ष पत्त्यांच्या पद्धतीत मेमपूल एकच आभासी पट्टा घेतो, पण पेजचे प्रत्यक्ष पत्ते जिथे तुटतात तिथे नवा तुकडा नोंदवतो. यूमेमला लागतो तो आभासी सलगपणा. प्रत्येक तुकड्याचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकच असेल, तर पहिल्याच्या आरंभापासून शेवटच्याच्या अंतापर्यंत एकच यूमेम नोंदवता येते. मेमरी आधीच विखुरलेली असल्यामुळे मेमपूलने निरनिराळ्या ठिकाणी लहान लहान पट्टे घेतले असतील, तर मात्र तुकड्यांच्या मध्ये परकी मेमरी येते. कार्डाला डीएमएसाठी परकी मेमरी उघडी करून देणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. अशा वेळी ड्रायव्हरने सुरुवातीलाच स्पष्ट संदेश देऊन थांबावे आणि पूल प्रोग्रामच्या आरंभी, मेमरी विखुरण्यापूर्वी तयार करावा.

त्या यंत्रावर आयओएमएमयू (कार्डाचे मेमरी-पत्ते बदलून देणारे हार्डवेअर) चालू आहे का, हेही पाहावे. कर्नल यूमेमचे प्रत्येक ४ केबीचे पेज डीएमएसाठी स्वतंत्रपणे मॅप करतो. आयओएमएमयू पत्ते बदलून देत असेल, तर ह्यूज पेजच्या आतली शेजारची पेजसुद्धा कार्डाला शेजारी दिसतील याची हमी नाही. तुमच्या २३६८ बाइटच्या ऑब्जेक्टपैकी शेकडा ५६ कुठल्या ना कुठल्या ४ केबीच्या सीमेवरून जातात. पत्ते तुटक आले, तर अर्ध्याहून अधिक पूल काही क्षणांत आटेल. तसे घडल्यास आयओएमएमयू पासथ्रू पद्धतीत (पत्ते न बदलता) ठेवावे. ते शक्य नसेल, तर ४०९६ बाइटचे अलाइन्ड चंक घ्यावेत. मेमरी पावणेदोनपटीच्या आसपास लागेल, पण एकही चंक सीमा ओलांडणार नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तपासले. अकराही तुकडे एकमेकांना लागून आहेत आणि आयओएमएमयू पासथ्रू पद्धतीत आहे. ड्रायव्हर सुरू होताना तुकड्यांच्या सीमा तपासण्याची आणि शेवटच्या ऑब्जेक्टचा अंत यूमेमच्या हद्दीत आहे याची खात्री करण्याची पायरी आता घातली आहे. मुद्दाम जुना गुणाकार ठेवून चालवले असता नोंदणीपूर्वीच तो थांबला आणि १,०८,९२८ बाइट कमी पडत असल्याचे त्याने सांगितले.