गाणं आठवलं की आधी बासच आठवतो, अशी गाणी सांगा

रात्रपाळी

मंडळी एक यादी करतोय, भर घाला. गाणं म्हटलं की बहुतेक वेळा गायकाचा आवाज नाहीतर मुखडा डोक्यात येतो, पण काही गाण्यांचं तसं नाही, तिथं आधी बास गिटार (खालचे जाड सूर वाजवणारी) सुरू होते आणि गाणारा मागाहून येतो. माझी कसोटी सोपी आहे, मित्रासमोर शब्द न म्हणता नुसता बास तोंडानं वाजवायचा, त्यानं लगेच ओळखलं तर गाणं यादीत, नाही ओळखलं तर बाद (मित्र बदलून बघायला हरकत नाही).

सुरुवात मी करतो. क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', १९८०. जॉन डीकन म्हणजे त्या बँडचा बासवाला, सगळ्यात गप्प माणूस, आणि हे गाणं त्यानंच लिहिलंय. मग पिंक फ्लॉइडचं 'मनी', १९७३, आधी गल्ल्याचा खणखणाट आणि त्यातून रॉजर वॉटर्सचा बास वर येतो. आणि क्वीन आणि गायक डेव्हिड बोवीचं 'अंडर प्रेशर', १९८१, त्यात तर सूर दोनच, तेही धड वेगळे काही नाहीत, सा आणि खालचा प, आणि तरी जगभर ओळखतात.

एकच अट, नुसता दणदणाट नको. मिरवणुकीतला डीजे पण छातीत घुसतो पण घरी येऊन तो कोणी गुणगुणत नाही. भाषा कुठलीही चालेल.

चहाटळ

डीकनचं नाव घेतलंत तर बर्नार्ड एडवर्ड्सचं आधी घ्यायला हवं राव. शीक नावाचा न्यूयॉर्कचा डिस्को बँड, एडवर्ड्स त्यांचा बासवाला, त्यांचं 'गुड टाइम्स' १९७९ चं. डीकन त्यांच्या स्टुडिओत जाऊन बसला होता आणि पुढच्याच वर्षी क्वीनचं हे गाणं आलं, दोन्ही लागोपाठ ऐका म्हणजे सुरुवातीचे तीन ठोके कुठून आले ते कळेल. त्याच १९७९ मधे 'रॅपर्स डिलाइट'वाल्यांनी तर तीच बासलाइन पुन्हा वाजवून घेतली आणि तिच्यावर रॅप केला, म्हणजे रॅपचं पहिलं मोठं हिट गाणं एडवर्ड्सच्या बोटांवर उभं आहे. 'अंडर प्रेशर'चं पण तेच झालं, १९९० मधे व्हॅनिला आइसनं तो बास 'आइस आइस बेबी'त घातला आणि नंतर श्रेय क्वीन आणि बोवीला द्यावं लागलं. चोरायची वेळ आली की लोक बासच आधी उचलतात, यातच काय ते आलं.

अवांतर: हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबताना मिनिटाला १०० ते १२० चा वेग लागतो आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बरोबर त्यात बसतं. फक्त मनातल्या मनात म्हणा, नातेवाईक शेजारी उभे असतात.

सातवी_मात्रा

'मनी' सात मात्रांत आहे हे कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. तबला शिकलेले लोक सात म्हटल्यावर लगेच रूपक लावायला जातात, पण ३-२-२ चं वजन त्यात शोधू नका, फसाल. सरळ एक ते सात मोजा. खरी गंमत पुढे आहे, सॅक्सोफोनचा सोलो सातातच चालतो आणि गिटारचा सोलो आला की गाणं चारात जातं, एकदम मोकळं वाटतं, आणि सोलो संपला की बास पुन्हा सातात खेचून आणतो. त्या परतीच्या जागेसाठी मी ते गाणं ऐकतो, शब्द गेले उडत.

खालचा_सा

मी स्वतः बास वाजवतो (ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या सीझनला) म्हणून जरा भांडतो. रात्रपाळी, तुमची कसोटी रिफची आहे, बासची नाही. रिफ म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा, तो गुणगुणता येणारच. पण बासवाल्याचं खरं काम असतं दोन कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांच्या) मधली वाट, आणि त्यात जेम्स जेमर्सनच्या वर कोणी नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा हा स्टुडिओतला माणूस, साठच्या दशकातली ढीगभर हिट गाणी यानं वाजवली पण रेकॉर्डच्या कव्हरवर वाजवणाऱ्यांची नावंच छापायचे नाहीत, त्याचं नाव आलं ते १९७१ मधे मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही, म्हणायचा जुन्या तारेतच मजा आहे. 'व्हॉट्स गोइंग ऑन' त्यानं जमिनीवर पडून वाजवलं असं सांगतात कारण त्या रात्री बसता येण्याच्या अवस्थेत नव्हता. आता तो बास मित्रासमोर तोंडानं वाजवून बघा, जमणारच नाही, दर ओळीला वेगळा आहे. पण तो काढून टाका आणि मग बघा गाण्याचं काय होतं.

दोन्हीत बसणारं एक देतो, लू रीडचं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड', १९७२. हर्बी फ्लॉवर्सनं आधी उभा डबल बास वाजवला आणि त्याच्यावर दहाव्या सुराच्या अंतरानं इलेक्ट्रिक बास, तो जो वर-खाली सरकणारा सुस्त आवाज आहे तो दोन बासचा मिळून आहे. का केलं विचारल्यावर म्हणायचा, दोन वाद्यं वाजवली की मानधन डबल मिळतं. सतरा पौंड मिळाले म्हणे.

रात्रपाळी

खालचा_सा, भांडण मान्य पण कसोटी बदलत नाही, यादी माझी आहे. जेमर्सनला मानाचं पान वेगळं देऊ. एक विचारायचं होतं, 'व्हॉट्स गोइंग ऑन' आत्ता मोबाइलवर लावलं तर बास नीट लागतच नाहीये, आणि 'अंडर प्रेशर'चा मात्र त्याच मोबाइलवर ऐकू येतो. असं का?

खालचा_सा

बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला असते आणि सगळ्यात बारीक ९८ ला. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून एवढं खालचं काही बाहेर पडत नाही. तरी सूर कळतो कारण प्रत्येक सुराबरोबर त्याचे दुप्पट, तिप्पट वरचे सूर वाजत असतात, ते स्पीकरमधून येतात आणि खालचा मूळ सूर आपला मेंदू मनानंच भरतो. 'अंडर प्रेशर'चा बास सुरुवातीला जवळजवळ एकटा आहे, धारदार आहे, म्हणून भागतं. जेमर्सनच्या जुनाट तारांना वरचे सूर मुळातच कमी, वर तंतुवाद्यं, कोरस, कोंगा ढोल असली गर्दी, तो मोबाइलवर मरणारच. हेडफोन लावा हो, साधे वायरवाले पण चालतील.

उगाच_काड्या

यादीत कोणीतरी 'सेव्हन नेशन आर्मी' घालणार म्हणून आधीच सांगून ठेवतो, त्यात बास नाहीये. द व्हाइट स्ट्राइप्समधे माणसंच दोन, गिटार आणि ड्रम. २००३ मधे जॅक व्हाइटनं साधी गिटार पेडलमधून (पायानं दाबायच्या यंत्रातून) एक सप्तक खाली उतरवली, तेच जग बास म्हणून ऐकतंय आणि फुटबॉलच्या स्टेडियममधे पब्लिक तेच ओरडतंय, २००६ च्या वर्ल्ड कपला इटलीवाल्यांनी तर डोकं उठवलं होतं. आणि उलटं पण आहे, प्रिन्सचं 'व्हेन डव्ह्ज क्राय', १९८४, रेकॉर्ड केलेला बास त्यानं मिक्सिंगला काढून टाकला आणि गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. खालचा_सा, यावर काय म्हणणं?

खालचा_सा

म्हणणं काय, तो प्रिन्स आहे. आमच्या ऑर्केस्ट्रानं असं ठरवलं तर माझी सुपारी जाईल.

पिंपळपार

सगळे विलायतेतच फिरताय म्हणून इकडचं एक. 'नीले नीले अंबर पर' कॉलेजात गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकानं वाजवलंय, पण ते मूळ संगीतकार इळैयाराजाचं 'इळय निला', १९८२ चं तमिळ गाणं. सगळे वरच्या गिटारवरच फिदा असतात, तुम्ही एकदा गिटार कानाआड करून तिच्या खाली बास काय करतोय ते ऐका, तो नुसता साथ देत नाही, स्वतःची वेगळी चाल गातो. इळैयाराजा सगळ्या वाद्यांचं नोटेशन स्वतः लिहून द्यायचे, ते त्यांच्या बासमधे फार दिसतं, वाजवणाऱ्याला सुचलं म्हणून आलेलं वाटत नाही, रचलेलं वाटतं. हिंदीत पंचमच्या टीममधे टोनी वाझ आणि रहमानकडे कीथ पीटर्स, ही दोन नावं धरून गाणी शोधा, आठवडाभर पुरेल एवढं सापडेल.

मराठीत मात्र पंचाईत आहे. भावगीत असो की लावणी, खालची जागा डग्ग्यानं नाहीतर ढोलकीनं आधीच धरलेली असते, आणि रागावरच्या चालीत कॉर्ड फारशा बदलत नाहीत, मग बासवाल्यानं सा आणि प धरून बसण्यापलीकडे करायचं काय. कोणाकडे अपवाद असेल तर द्या, मला मनापासून हवाय.

चहाटळ

आणि 'बिली जीन' अजून कोणीच कसं नाही लिहिलं?? निर्माता क्विन्सी जोन्सला सुरुवात फार लांब वाटत होती, जवळजवळ अर्धा मिनिट नुसता ठेका आणि बास, तो म्हणत होता कापू, आणि मायकल जॅक्सन म्हणाला तेवढ्यानंच तर मला नाचावंसं वाटतं. बास लुई जॉन्सनचा. रात्रपाळी, तुमच्या कसोटीत हे पहिल्या नंबरला, माझा सहा वर्षांचा भाचा ओळखतो.

रात्रपाळी

घातलं. भाच्याला 'मनी' म्हणून दाखवा आणि कळवा.