मदत हवी आहे: शिशात गुंडाळलेले रडारचे डायोड. मीटर लावू का? आणि व्हॉल्व्ह असताना क्रिस्टल कशाला?

नमस्कार मंडळी,

माझे मामा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते. त्यांची ट्रंक आवरताना तंबाखूच्या डबीत शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेल्या तीन पुंगळ्या मिळाल्या. एक उघडली. आत करंगळीच्या पेराएवढी पांढरी चिनी मातीची नळी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, एका बाजूला बोथट खिळ्यासारखं टोक आणि अंगावर १एन२३बी असा छाप. ट्रंकेत त्यांची वहीही होती. तिच्यात मधून मधून एकच नोंद: "क्रिस्टल बदलला. चित्र स्वच्छ."

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, भाचीच्या शाळेत हे दाखवायचं आहे. थोडं वाचलं, पण एका जागी गाडी अडली.

मला समजलेलं असं. खड्यावर, म्हणजे क्रिस्टलवर, तार टेकवली की वीज एकाच दिशेने सहज जाते (हाच डायोड), हे जर्मन शास्त्रज्ञ ब्राउनने १८७४ मध्ये दाखवलं. जगदीशचंद्र बोसांनी गॅलिनाच्या (शिशाच्या खनिजाच्या खड्याच्या) डिटेक्टरसाठी, म्हणजे रेडिओलहरी ओळखणाऱ्या भागासाठी, १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, ते १९०४ मध्ये मिळालं. अमेरिकन पिकार्डचं सिलिकॉनच्या डिटेक्टरचं पेटंट १९०६ चं. पुढे रेडिओत व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) आले आणि तार हलवत 'जागा' शोधायचा तो वैताग संपला. म्हणजे खडा हरला. मग १९४० मध्ये रडारवाल्यांनी तोच अडगळीतून परत का काढला?

आणि दुसरं, हे डायोड शाबूत आहेत का ते कसं बघू? घरी मामांचा जुना काट्याचा मीटर आहे.

— ट्रंकवाला

जुनाट_व्हॉल्व्ह:

आधी तो काट्याचा मीटर बाजूला ठेवा! ओहमच्या खालच्या रेंजवर तो इतका करंट ढकलतो की चांगला क्रिस्टलसुद्धा जागेवर मरेल. साधा डिजिटल मीटर घ्या, डायोडच्या खुणेवर लावा आणि दोन्ही बाजूंनी तपासा. आकड्यांत ठळक फरक दिसला तर जिवंत. दोन्हीकडून सारखाच आला तर उडालेला.

शिसं शोभेसाठी नव्हतं. आत टंगस्टनच्या तारेचं टोक सिलिकॉनवर इतक्या बारीक ठिकाणी टेकलेलं असतं की अंगावरच्या स्थिर विजेचा एक चटका पुरतो. म्हणून क्रिस्टल बसवताना आधी हाताने सेटच्या धातूला स्पर्श करायचा, मग टोपी हातात घ्यायची. तुम्ही उघडलेला परत गुंडाळून ठेवा. आणि कृपा करून त्याला सोल्डर मारू नका, तो क्लिपमध्येच बसतो.

मामांना तो सारखा का बदलावा लागे, तेही सांगतो. एकाच अँटेनातून किलोवॅटांचा दणका बाहेर जातो आणि तिथूनच मुंगीएवढा प्रतिध्वनी परत येतो. दणक्याच्या वेळी रिसीव्हरची वाट बंद करायला गॅस भरलेली एक नळी असते. ती पेटायला निमिषभर उशीर झाला की दणक्याचा शेंडा थेट क्रिस्टलवर. एका फटक्यात मेला नाही तरी हळूहळू बहिरा होत जातो.

— जुनाट_व्हॉल्व्ह

मिशीवाला_बोका:

अडगळीतून का काढला, तर व्हॉल्व्हचा दम संपला म्हणून.

फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅममध्ये रँडल आणि बूट यांचा मॅग्नेट्रॉन, म्हणजे आखूड लहरी जोरात काढणारी नळी, चालला आणि सुमारे १० सेंटीमीटरच्या लहरी दणक्यात मिळू लागल्या. पाठवायचा प्रश्न सुटला, ऐकायचा राहिला. १० सेंटीमीटर म्हणजे ३००० मेगाहर्ट्झ, एक आवर्तन सेकंदाच्या तीन अब्जाव्या भागात. व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन कॅथोडवरून प्लेटवर पोचेपर्यंत सिग्नल उलटलेला असतो. शिवाय आतले पत्रे समोरासमोर म्हणजे कपॅसिटरच, सिग्नल तिथूनच निसटतो. तारेचं टोक खड्यावर टेकतं ती जागा मात्र नखाच्या रेघेहून बारीक, तिथे निसटायला वाटच नाही.

मग युक्ती अशी: आलेला ३००० चा प्रतिध्वनी आणि सेटमधल्या क्लायस्ट्रॉनचे (लहरी तयार करणाऱ्या छोट्या नळीचे) ३०३०, दोन्ही क्रिस्टलवर एकत्र सोडायचे. फरक उरतो ३० मेगाहर्ट्झ, तो साध्या व्हॉल्व्हने हवा तितका वाढवता येतो. तेव्हा क्रिस्टलच्या आधी लावायला धड अँप्लिफायरच नव्हता, त्यामुळे रडारचे कान म्हणजे हा खडाच.

१९४० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वॅनेजजवळ हर्बर्ट स्किनर काचेच्या नळीतल्या क्रिस्टलला बोटाने टकटक मारत बसायचे, जागा सापडेपर्यंत. पुढे तो बंद पुंगळीत आला, आत मेण भरून. रग्बीच्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टनने कारखान्यात काढला. वैताग कारखान्याने पत्करला, वापरणारा सुटला. अमेरिकेत १०वाल्याला १एन२१ आणि ३ सेंटीमीटरवाल्याला १एन२३ नाव पडलं. तुमचा दुसरा, जहाजांच्या ३ सेंटीमीटरच्या रडारवर चालणारा.

मला यात सगळ्यात भारी वाटते ती शुद्धीची भानगड. एका ढेकळातला सिलिकॉन चाले, दुसऱ्यातला नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रसेल ओल यांच्याकडे १९४० मध्येच एक भेगाळलेली सिलिकॉनची कांडी होती. तिच्यावर दिवा धरला तर सुमारे अर्धा व्होल्ट! कांडीच्या दोन भागांत वेगवेगळी भेसळ होती, मध्ये आपोआप पी-एन जोड (दोन प्रकारच्या सिलिकॉनची सीमा) तयार झालेला. युद्धात ड्यूपॉंटच्या रंगद्रव्यवाल्या केमिस्टांनी सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि जस्तापासून शुद्ध सिलिकॉन काढला. पर्ड्यू विद्यापीठात लार्क-होरोविट्झ जर्मेनियमच्या मागे होते. १९४७ चा पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमवरच, आणि तोही टोक टेकवलेलाच.

मुलांना बोसांबद्दल जरूर सांगा, फक्त 'डायोडचा शोध बोसांनी लावला' असं नको. ब्राउन आधीचा. बोस त्या काळी काही मिलिमीटरच्या लहरींवर काम करत होते, तेच पुरेसं थक्क करणारं आहे.

— मिशीवाला_बोका

ट्रंकवाला:

दोघांचे आभार. डिजिटल मीटर शेजाऱ्यांकडून आणला, आधी नळाला हात लावला, मग एकेक तपासला. दोन ठीक. तिसऱ्याचा आकडा दोन्हीकडून सारखाच, आणि तो नेमका मी उघडलेला नव्हे, याचं जरा हायसं वाटलं. म्हणजे मामांनी मेलेलाही परत शिशात गुंडाळून ठेवला होता. एक उपप्रश्न: जिवंत त्यातला एक क्रिस्टल रेडिओत लावला तर पुणे केंद्र वाजेल का?

जुनाट_व्हॉल्व्ह:

वाजेल, पण उलट्या दिशेने गळतो, म्हणून ट्यूनिंग बोथट होईल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १एन३४ हा जर्मेनियमचा डायोड आणा आणि तोच लावा. मामांचे दोघे काचेखाली ठेवा, मेलेला मुलांच्या हातात द्या.