हेल्पडेस्कला एआय बॉट लावायचाय, सुरुवात कुठून करू?

टिकीटवाला
मंडळी, जरा सल्ला हवाय. आमची आयटी सपोर्टची टीम सहा जणांची आणि वापरणारे साडेचारशे. रोज पन्नास-साठ तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, पडतात, त्यातली निम्मी तरी तीच ती, पासवर्ड विसरलो, अकाउंट लॉक झालं, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची सोय) लागत नाही, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. साहेबांनी एका व्हेंडरचा डेमो बघितला, त्यात बॉट फटाफट उत्तरं देत होता, तेव्हापासून एकच धोशा, दोन महिन्यांत आपल्याकडे पण पाहिजे.

ट्रायल म्हणून बॉटला आमचं शेअर्ड फोल्डर दिलं. पहिलाच प्रश्न टाकला, व्हीपीएन कसं लावू? तर पठ्ठ्याने अगदी गोड भाषेत स्टेप बाय स्टेप सांगितलं, फक्त जे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर आम्ही दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं त्याचं! जुनी पीडीएफ कुणी उडवलीच नव्हती. आता हे टूलच बेकार आहे की आमचं काहीतरी चुकतंय? कुणी लावलंय का असं काही?

जुनाखोंड
टूलने काही चूक केली नाही भाऊ, तुमचंच फोल्डर त्याने तुम्हाला वाचून दाखवलं. हे बॉट आतून कसं चालतात बघा, डॉक्युमेंटचे तुकडे करून ठेवतात, प्रश्न आला की त्याच्याशी जुळणारे चार-पाच तुकडे शोधायचे आणि मॉडेलला म्हणायचं यावरून उत्तर लिही. त्यातला कुठला तुकडा शिळा हे त्याला कोण सांगणार? दोन पीडीएफ एकमेकींच्या विरुद्ध बोलत असतील तर तो एक उचलतो आणि तितक्याच आत्मविश्वासाने ठोकून देतो.

माझं ऐकाल तर बॉट बाजूला ठेवा. मागच्या तीन महिन्यांची तिकिटं काढा आणि त्यातली दोनशे हाताने वाचा, डॅशबोर्ड नको, तिकीटच वाचायचं. आम्ही वाचली तेव्हा लाज वाटली. सब्जेक्टमध्ये 'चालत नाही' आणि क्लोजिंग नोटमध्ये 'डन'. मधे काय बिघडलं, कशाने सुटलं, पत्ता नाही. त्यावर कुठलं एआय काय शिकणार, डन म्हणायला?

आणि पासवर्डला एआय लागतच नाही. सेल्फ सर्व्हिस रीसेट, म्हणजे ज्याचा त्याने स्वतःच नवा पासवर्ड लावायची सोय, चालू करा, विषय संपला. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावत असाल तर तेही तपासा, अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ च्या गाइडलाइनमध्येच सांगितलंय की उगाच ठराविक दिवसांनी बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा लावा. अर्धी तिकिटं आपणच जन्माला घालतो आणि मग ती मारायला बॉट शोधतो.

रात्रपाळी
जुनाखोंड दादांशी सहमत, पण मी पलीकडच्या खुर्चीतून बोलते, मी कस्टमर सपोर्टला आहे. आमच्याकडे बॉट लागला आणि महिन्याभरात रिपोर्टमध्ये आकडे असे झकास की विचारू नका. मग एकदा मी सहज चॅट उघडून वाचत बसले. एकाने लिहिलेलं 'माणसाशी बोलायचंय', बॉटने तीन लेख दिले, त्याने परत तेच लिहिलं, बॉटने तेच तीन लेख परत दिले, मग त्याने विंडो बंद केली. सिस्टीममध्ये नोंद काय, तर बॉटने सोडवलं!! तो माणूस दुसऱ्या दिवशी फोनवर आला तो तापलेलाच, आणि फोन उचलला मी.

एसएलएला, म्हणजे किती वेळात तक्रार सोडवायची याच्या कराराला, आमच्यात कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आत लाल. बॉटचे आकडे पण तसलेच. त्यामुळे टिकीटवाले, व्हेंडरला आधी विचारा की सुटलं हे मोजता कसं, आणि तोच माणूस तीन दिवसांत परत आला का ते मोजायला लावा. दुसरं, माणसाकडे जायचं बटण पहिल्या मेसेजपासून दिसू दे आणि चॅट पुढे जाताना आधीचं सगळं बोलणं सोबत जाऊ दे. तीच कर्मकथा तिसऱ्यांदा सांगायला लागली की भला माणूसही उखडतो.

कोडकीडा
एवढं पण निराश नका करू त्यांना. बॉट लोकांसमोर उभा करण्याऐवजी सपोर्टवाल्याच्या मागे बसवा, तो उत्तर सुचवेल, माणूस बघून पाठवेल. यावर २०२३ चा एक पेपर आहे, पाच हजारांवर सपोर्ट एजंटांचा डेटा, तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या आणि नवख्यांच्या तर ३४ टक्क्यांनी, मुरलेल्यांना फारसा फरक नाही. म्हणजे मुरलेल्यांची युक्ती नवीन पोरांच्या हाती लागते. मला विचाराल तर खरा फायदा इथे आहे.

उलट बाजूचं पण सांगतो. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरात मृत्यू झाल्यावरची सवलत प्रवासानंतरही मागता येते, नियम तसा नव्हता. प्रकरण ट्रिब्युनलमध्ये गेलं तेव्हा कंपनी म्हणते काय, बॉट ही वेगळी व्यक्ती आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रिब्युनलने हे उडवून लावलं आणि पैसे द्यायला लावले. साहेबांना हे नक्की दाखवा.

आणि रीसेटचा अधिकार चॅटवरच्या बोलण्यावर देऊ नका, ना बॉटला ना माणसाला. गोड बोलून हेल्पडेस्ककडून रीसेट करून घेणं हा हॅकर लोकांचा जुना धंदा आहे. ओळख पटवायची पायरी वेगळीच हवी.

टिकीटवाला
दोनशे वाचली. शनिवार गेला पण डोळे उघडले. अकाउंट लॉकची ४१ निघाली आणि त्यातली बरीच पासवर्ड बदलल्यावर एक-दोन तासांतली. कारण काय, तर मोबाइलच्या मेल ॲपमध्ये जुनाच पासवर्ड बसलेला, ते बिचारं मागून परत परत लॉगिन मारतंय आणि अकाउंट लॉक होतंय. आम्ही इतके दिवस नुसतं अनलॉक करून 'डन' लिहित होतो 😅 आता पासवर्ड बदलल्याचा जो मेल जातो त्यात 'मोबाइलवर पण बदला' ही ओळ टाकली, तीन दिवसांत या प्रकारची दोनच आली.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले छान छान, पण यात एआय कुठाय?

रात्रपाळी
😂😂 क्लोजिंग नोटचा ड्राफ्ट एआयकडून लिहून घ्या, सपोर्टवाल्याने फक्त तपासून सेव्ह करायचं. साहेब खूश आणि तुमचं 'डन' पण सुटेल. आणि ती जुनी पीडीएफ उडवली का आधी सांगा.

टिकीटवाला
उडवली. अजून सतरा सापडल्यात.