शब्दचर्चा: ‘बे-लीफ’ या इंग्रजी शेतघराचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे?

प्रश्न

इंग्लंडच्या केंट परगण्यात चिडिंगस्टोन गावाजवळ असलेले ‘बे-लीफ’ हे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील लाकडी सांगाड्याचे घर बाव बीच जलाशयाखाली जाणार होते, म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते सुटे करून पुढे वेस्ट ससेक्समधील सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आले. त्याच्या रचनेविषयी मराठीत लिहिताना फार्महाऊस, हॉल, बे, वॉटल अँड डॉब, क्राउन पोस्ट, बटरी आणि पँट्री यांसाठी आपले शब्द चालतील का? मी हॉलसाठी ‘माजघर’, वॉटल अँड डॉबसाठी ‘कूड’ आणि क्राउन पोस्टसाठी ‘आढ्याचा खांब’ असे योजले आहेत.

प्रतिसाद १

‘फार्महाऊस’ सर्वप्रथम टाळावे, कारण मराठीत त्याचा अर्थ शहरातल्या माणसाने कर्जतकडे शनिवार-रविवारसाठी बांधलेला बंगला असा रुळला आहे. ‘शेतकऱ्याचे घर’ पुरेसे आहे. हवे तर त्याआधी ‘सधन’ जोडावे.

‘हॉल’चा घोळ अधिक आहे. वन बीएचकेतला हॉल म्हणजे सोफा आणि टीव्हीची खोली, तर बे-लीफमधला हॉल म्हणजे दोन खणांचे, वर माळा नसलेले आणि थेट छपरापर्यंत मोकळे असे मधले दालन. त्याच्या जमिनीवरच चूल पेटत असे, धुराडे नव्हतेच आणि धूर कौलांच्या फटींतून व खिडक्यांतून बाहेर पडत असे. अशा घरांच्या छपराच्या लाकडांवर बसलेली काजळी आजही तज्ज्ञांना मूळ दालनाचा पत्ता देते. जागेने ते मध्यावर असले, तरी ‘माजघर’ म्हणू नये. आपले माजघर ओटीच्या आत, घरच्या माणसांचे, त्यातही बायकांचे. इथे मात्र बाहेरून आलेला माणूस दारातल्या आडव्या बोळातून सरळ या दालनात येई. ‘छपरापर्यंत मोकळे दालन’ हे लांबट आहे, पण अचूक आहे.

‘बे’साठी मात्र ‘खण’ घ्यावा. दोन खांबांच्या चौकटींमधले अंतर हे घर मोजण्याचे माप आपल्याकडेही होते, त्यामुळे ‘इतक्या खणांचे घर’ हे वाचकाला न सांगता कळते.

‘आढ्याचा खांब’ हा चुकीचा अर्थ देतो. क्राउन पोस्ट तुळईवर उभा राहतो खरा, परंतु तो छपराच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. वाशांच्या जोड्यांना मध्यउंचीवर बांधणाऱ्या आडव्या पट्ट्यांखालून एक लांब लाकूड घराच्या लांबीने जाते, त्याला तो आधार देतो. वर वासे नुसतेच एकमेकांना जोडलेले असतात आणि आढे नावाचे लाकूड या छपरात नसतेच. जे लाकूड नाही त्याचा खांब कसा लिहिणार? ‘तुळईवरचा मधला खांब’ लिहावे.

प्रतिसाद २

‘कूड’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. कुडाचे घर म्हटले की गरिबाची झोपडी डोळ्यांसमोर येते, आणि हे घर तर खात्यापित्या कुटुंबाचे होते.

प्रतिसाद ३

आक्षेप रास्त आहे, तरी शब्द सोडू नये. कोकणात कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपतात. तिकडे ओकच्या उभ्या दांड्यांत हेझल या झुडपाचे फोक विणून त्यावर माती, शेण आणि गवताचा गिलावा देत. तंत्र तेच आहे. फरक इतकाच की तिथे छपराचा भार ओकचा भक्कम सांगाडा पेलतो आणि कूड फक्त चौकटी भरतो. म्हणून ‘लाकडी सांगाड्यातील कुडाच्या भिंती’ असे लिहिले की झोपडीचा आभास उरत नाही.

दोन्ही टोकांचे वरचे मजले दर्शनी बाजूला तळमजल्याच्या पुढे काढलेले आहेत, त्यामुळे मधले दालन आत गेल्यासारखे दिसते. आग्नेय इंग्लंडमधल्या वील्ड प्रदेशातील या घरांची हीच ओळख आहे. त्यासाठी ‘सज्जा’ नको, कारण पुढे आलेली ती खोलीच आहे.

राहिल्या दोन कोठ्या. ‘बटरी’चा लोण्याशी संबंध नाही, ती पेयांच्या पिंपांची कोठी होती. ‘पँट्री’ म्हणजे पावाची कोठी, आणि इथे ‘पाव’ अगदी शोभतो: तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि पँट्री फ्रेंचमधून इंग्रजीत गेली, पण दोघांचे मूळ लॅटिनमधला ‘पानिस’ हाच शब्द आहे. तेव्हा ‘पेयांची कोठी’ आणि ‘पावाची कोठी’ असे निःशंक लिहावे.