समुद्री जीव पाहायला जाताना अभ्यासक सोबत हवाच का?

मूळ मुद्दा : सात रस्ता, सोलापूर

सोलापूरहून कोकणात जाणारी सहल बहुधा एकाच साच्यात ठरते : मालवणचा मुक्काम, सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीचे डॉल्फिन आणि परतीचा घाट. येत्या फेब्रुवारीत आमच्या निसर्गमंडळाने सागरी जीवशास्त्राचा अभ्यासक सोबत घ्यावा, असा प्रस्ताव मी मांडला आहे. त्यामुळे माणशी खर्च वाढणार आहे आणि काही सदस्यांचा त्याला विरोध आहे, म्हणून हा विषय सर्वांपुढे ठेवतो.

आपल्या किनाऱ्याजवळ दिसणारा हंपबॅक डॉल्फिन उथळ पाण्यात राहतो, त्यामुळे तो नेमका पर्यटकांच्या होड्यांच्या वाटेवर येतो. हा प्राणी जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला गेला आहे. आवाजाच्या आधारे भक्ष्य शोधणाऱ्या या प्राण्याच्या कळपाला तीन-चार होड्यांनी इंजिने चालू ठेवून घेरले, तर त्याची शिकारही मोडते आणि पिलांसह निघून जाण्याची वाटही अडते. अशा वेळी ‘आता मागे फिरा’ असे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, असा माणूस होडीत असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

खडकाळ किनाऱ्यावर तर त्याची गरज अधिक भासते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचे पाणी सर्वांत दूर जाते आणि खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, समुद्री गोगलगायी, क्वचित एखादा ऑक्टोपसही दिसतो. हौशी माणूस दगड उलटून पाहतो आणि तसाच टाकून पुढे जातो. दगडाच्या खालच्या ओल्या बाजूला चिकटलेले जीव मग उन्हात वाळून मरतात. शंकूच्या आकाराचे काही सुंदर शंख उचलणे माणसासाठीही धोक्याचे असते, कारण आतली गोगलगाय विषारी दंश करते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

प्रतिसाद : बाळीवेस

आपला हेतू चांगला आहे, सर, परंतु मला हा प्रस्ताव मान्य नाही. उजनीच्या पाणलोटात भिगवण-कुंभारगावचे मच्छीमार आपल्या होड्यांतून रोहित पक्षी दाखवतात, आणि पक्षी कोणत्या अंतरावर उठतात हे त्यांना कोणत्याही पदवीशिवाय कळते. मालवणच्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, पाण्याचा रंग पाहून खालचा खडक ओळखता येतो. वाढीव पैसा द्यायचाच असेल, तर तो ज्याचे पोट त्या समुद्रावर आहे त्याला मिळावा; पुण्या-मुंबईहून येणाऱ्या तज्ज्ञाला का? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची समुद्री कासवे राखली ती गावकऱ्यांनी, आणि आज पर्यटक तिथे त्यांच्याच घरी उतरतात.

प्रतिसाद : सात रस्ता

वेळासचे उदाहरण माझ्याच बाजूने बोलते. तिथे २००२ मध्ये काम सुरू केले ते चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, आणि गावकरी त्यात उतरले म्हणून ते टिकले. तिथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची अंडी साधारण पन्नास दिवसांत फुटतात, वाळूच्या तापमानावर पिले नर होणार की मादी हे ठरते, आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे पिले समुद्राऐवजी उलट दिशेला जातात. संरक्षित घरटे कोठे करावे आणि पाहुण्यांनी कोठे उभे राहावे, याचे नियम या ज्ञानातून आले. २०२२ मध्ये कोकणातल्या कासवांना उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. पुढच्या वर्षी गुहागरला असाच ट्रान्समीटर बसवलेली ‘बागेश्री’ नावाची मादी दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेकडे, बंगालच्या उपसागरात गेली. आपण किनाऱ्यावर पाहिलेला जीव पुढे कोठे जातो, हे पाहुण्याला समजावे यासाठीच अभ्यासक हवा. नावाडी स्थानिकच असेल, त्याचा मोबदला कमी होणार नाही.

प्रतिसाद : विजापूर रोड

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि माझा आक्षेप आपल्या दोघांपेक्षा वेगळा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा इतिहास सोलापूरकरांनी विसरू नये. १९७९ मध्ये कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र संरक्षित झाले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे ती सोसली, नंतर क्षेत्र कमी करावे लागले आणि पक्षी मात्र जवळजवळ नाहीसा झाला. मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ मध्ये झाली, क्षेत्र अवघे २९.१२ चौरस किलोमीटर, तरीही मच्छीमारांचा विरोध झाला, कारण आपल्याला विचारले गेले नाही असे त्यांना वाटले. म्हणून शास्त्राच्या नावाने बाहेरून आलेल्या माणसाकडे तिथे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे.

दुसरे असे की, ज्याचे मानधन पर्यटकांच्या समाधानावर अवलंबून आहे, तो अभ्यासक ऐन वेळी होडी मागे फिरवील याची खात्री काय? चाळीस माणसे चारशे किलोमीटरचा प्रवास करून आली आहेत आणि डॉल्फिन दिसत आहेत, अशा वेळी ‘नको’ म्हणणे फार कठीण असते. ‘शास्त्रज्ञासोबत’ हा शब्द मग गर्दीला परवाना ठरतो. जिथे जाणे टाळता येते, तिथे टाळावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : सात रस्ता

बाई, आपला दुसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हणून प्रस्तावात दोन अटी घालतो. अभ्यासक आणि नावाडी दोघांचेही पूर्ण मानधन आगाऊ दिले जाईल आणि काहीही न दिसता परत यावे लागले तरी एक रुपयाही परत मागितला जाणार नाही. चाळीस माणसांची सहल रद्द. बारापेक्षा अधिक माणसे नेली जाणार नाहीत. जाणे पूर्णपणे टाळावे, हे मात्र मला पटत नाही. आपण गेलो नाही म्हणून तारकर्लीच्या होड्या थांबणार नाहीत, आणि नीट वागणारे गिऱ्हाईकच तिथे गेले नाही, तर नीट वागणाऱ्या नावाड्याला काम कोण देणार?

प्रतिसाद : बाळीवेस

आगाऊ मानधनाची अट मला मान्य आहे. माझी तिसरी अट अशी की, होडी मागे फिरवण्याचा अधिकार तांडेलालाही तितकाच असावा, आणि तो अभ्यासकाशी असहमत असेल तर तांडेलाचे ऐकावे. ही अट लिहून घेणार असाल, तर फेब्रुवारीत माझे नाव धरा.