उत्तर: कुरियरने मासे पाठवताना

टाकीतले जिवंत शोभेचे मासे कुरियरने कसे पाठवायचे, या प्रश्नावर पिशवीत पाणी जास्त भरायचा सल्ला एकाने दिलाय, तो नका ऐकू. पाणी एक तृतीयांश, बाकी ऑक्सिजन. आधी २४ ते ४८ तास उपाशी ठेवा, म्हणजे घाण कमी. कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे कॅटफिश) असतील तर पिशवीवर पिशवी हवीच, त्यांचे काटे प्लास्टिक आरामात फाडतात.

खरी गोम पिशवी उघडताना आहे. प्रवासात कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं, त्यामुळे माशांनी अंगाबाहेर टाकलेला अमोनिया फारसा बाधत नाही. तोंड सोडलं की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जिवावर उठतो. म्हणून तापमान जुळेपर्यंत बंद पिशवी टाकीत तरंगू द्या; उघडल्यावर मासे लगेच जाळीने आत. लांबून आलेल्या माशांना सवय व्हावी म्हणून पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत बसणं (सगळे तेच सांगतात!) अंगाशी येतं. पिशवीतलं पाणी मोरीत.