मदत हवी आहे: मुलीच्या लॉगबुकात न उडवलेले तास लिहिलेत, आता काय करावं?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होईल पण पूर्ण वाचा प्लीज. एव्हिएशनमधलं कोणी असेल किंवा ज्यांची मुलं फ्लाइंग करतायत असे पालक असतील तर तुमच्या सल्ल्याची खरंच गरज आहे.

माझी मुलगी सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करतेय. स्कूलचं नाव, गाव लिहीत नाही कारण ती अजून तिथेच आहे. २०० तास लागतात, तिचे कागदावर १३२ झालेत. मागच्या आठवड्यात ती घरी आली होती, बँकेला पुढच्या हप्त्यासाठी लॉगबुकाच्या झेरॉक्स द्यायच्या होत्या म्हणून मी पानं चाळत होते आणि एका तारखेवर अडकले. १.८ तास, सोलो (म्हणजे एकटीने), क्रॉस कंट्री (एका ठिकाणाहून दुसऱ्या लांबच्या ठिकाणी), खाली इन्स्ट्रक्टरची सही. आणि ती तारीख आमच्याकडच्या गौरी जेवणाची! माझ्या मोबाईलमध्ये त्या दिवशीचा फोटो आहे, ही नथ घालून गौरीच्या पानात पुरणपोळी वाढतेय आणि मागे खिडकीत धो धो पाऊस दिसतोय.

विचारलं तर आधी गप्प, मग रडायलाच लागली. पावसाळ्यात विमानं उभी असतात, त्यात एक मेंटेनन्सला गेलेलं, मुलांची रांग लागते, मग वरूनच सांगतात की लिहून टाका, सगळेच लिहितात. याला मुलं म्हणे 'पार्कर पेनचे तास' म्हणतात. म्हणजे हे इतकं सर्रास आहे की त्याला नावसुद्धा पडलंय. ती नाही म्हणाली असती तर पुढची सॉर्टी (उड्डाणाची पाळी) कधी मिळाली असती देव जाणे, तिची भीती मला कळते. पण लिहिलंय तिनेच, तिच्याच अक्षरात, हेही खरं आहे आणि ते मी तिला सांगितलं.

मग रात्री झोप कसली, वाचत बसले. पाकिस्तानचं प्रकरण वाचून पोटात गोळाच आला. मे २०२० मध्ये कराचीत पीआयए या पाकिस्तानी एअरलाइनचं विमान वस्तीवर पडलं, विमानातले ९७ जण गेले, आणि महिन्याभराने त्याचा प्राथमिक अहवाल मांडताना तिथले विमान वाहतूक मंत्री संसदेत म्हणाले की देशातल्या ८६० पैकी २६२ पायलटांचे लायसन्स संशयास्पद आहेत, परीक्षेला दुसऱ्याच कुणाला तरी बसवलेलं. आठवड्याभरात युरोपने पीआयएची परवानगी काढून घेतली, ब्रिटनने काढली, पाठोपाठ अमेरिकेनेही काढली. युरोपची बंदी उठायला नोव्हेंबर २०२४ उजाडला, चार वर्षांच्या वर! आणि हे उघडकीला आलं कशावरून तर तारखांवरून. आधीच्या एका अपघाताच्या तपासात दिसलं होतं की पायलटच्या परीक्षेची तारीख चक्क सरकारी सुट्टीची होती. हे वाचलं आणि माझ्या डोळ्यासमोर ती गौरी जेवणाची तारीख आली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. त्या २६२ मधले बरेच जण नंतर तपासात सुटले, रद्द झालेली लायसन्सं ५० च्या आसपास. पण तोवर व्हिएतनामने आपल्याकडच्या सगळ्या पाकिस्तानी पायलटांना उडायचं बंद केलं होतं. ज्यांनी इमानेइतबारे अभ्यास केला, तास उडवले, त्यांनाही त्याच रांगेत उभं केलं. पासपोर्टवरचा देश बघूनच लोक संशय घ्यायला लागले तर ते कुणाकुणाला पटवणार?

आणि आपल्याकडे होत नाही असंही नाही. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एका विमानाचं पुढचं चाक आधी टेकवलं गेलं, त्याच्या चौकशीत कळलं की कॅप्टनने एटीपीएलसाठी (कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या लायसन्ससाठी) दिलेली मार्कशीटच बनावट. मग डीजीसीएने (विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या सरकारी खात्याने) बाकीच्यांची लायसन्सं तपासायला घेतली तर आणखी निघाले. २०१४ मध्ये अमेरिकेने भारताचं सेफ्टी रेटिंग खाली आणलं ते लायसन्समुळे नव्हे, डीजीसीएकडे तपासणारी प्रशिक्षित माणसंच पुरेशी नव्हती हे मोठं कारण, पण मला दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या वाटतात. बघणारा नसेल तर पेन चालतंच.

आता माझे प्रश्न. तिच्या या खोट्या नोंदी ईजीसीएच्या (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलच्या) ई-लॉगबुकमध्ये भरल्यात पण स्कूलकडून अजून अप्रूव्ह झालेल्या नाहीत, पेंडिंग दिसतायत. त्या आत्ताच काढून टाकता येतात का, की त्यासाठी पण स्कूललाच विचारावं लागतं? कागदी लॉगबुकात रेघ मारून, चूक म्हणून सही घेऊन दुरुस्त केलं तर ते चालतं का, की उलट त्यावरूनच ती अडचणीत येईल? दुसऱ्या स्कूलला बदली घेतली तर खरे उडवलेले तास धरतात ना, आणि जुन्या स्कूलने कागद अडवून ठेवले तर कुणाकडे जायचं? तक्रार केली तर मुलीचं नाव बाहेर येतं का? कुणी तरी म्हणालं विमानाचं स्वतःचं लॉगबुक, हॉब्स मीटर (विमान किती तास चाललं ते मोजणारं) आणि टॉवरची नोंद यांच्याशी ताळा करतात, तसं असेल तर आज ना उद्या हे निघणारच ना?

'जाऊ दे, थोडे तास तर आहेत' असं कृपया सांगू नका, घरात दोन जणांनी सांगून झालंय. सोलो क्रॉस कंट्रीमध्ये एकटीने ढग बघून पुढे जायचं की मागे फिरायचं हे ठरवायला शिकतात, असं तीच मला पहिल्या वर्षी फोनवर खुशीत सांगायची. ते न शिकता ती उद्या १८० लोकांना घेऊन बसणार का? कर्ज आमच्या नावावर आहे, वर्ष गेलं तरी चालेल, ते आम्ही बघू.

अपडेट: ज्यांनी लिहिलंत त्यांचे मनापासून आभार, 'आधी नक्की किती तास ते काढा' हा सल्ला ऐकला. काल रात्री दोघींनी कालनिर्णय, मोबाईलमधले फोटो, तिची एसटीची तिकिटं आणि मेसची वही असं सगळं समोर घेऊन एकेक तारीख जुळवली. नऊ नोंदी निघाल्या, मिळून १४.६ तास. तिनेच वेगळ्या कागदावर तारीखवार लिहून खाली सही केलीय. ती सोमवारी परत जातेय, तो कागद आधी स्कूलच्या चीफ इन्स्ट्रक्टरकडे द्यायचा की थेट डीजीसीएच्या ऑफिसला पाठवायचा, एवढं कुणी रविवारपर्यंत सांगू शकेल का?